घोष आणि ब्रीद

नेरूळच्या क्रीडांगणावर मोठा सामना असला म्हणजे त्या दिवशीं दुपारपासूनच हार्बर मार्गावरील आगगाडीच्या डब्यांतून एकाच रंगाचे सदरे दिसूं लागतात. त्या सदऱ्यांवर, टोप्यांवर आणि हातांतील फलकांवर दोन-चार शब्द ठळकपणें छापलेले असतात. ते शब्द कोणीं लिहिले, कोणासाठीं लिहिले, आणि ते अंगावर मिरविणाऱ्याचा त्यांच्याशीं खरोखर संबंध तो काय, याचा विचार कोणी करीत नसेल असें वरवर पाहणारास वाटावें. वस्तुस्थिति तशी नाहीं. हे चार शब्द चांगले कीं वाईट, आपले कीं परके, खरे कीं खोटे, यावरून आमच्या सुशिक्षित घरांत जेवणाच्या वेळीं जेवढे वाद रंगतात, तेवढे एखाद्या नव्या ग्रंथावरून क्वचितच रंगत असतील.

वाद क्षुल्लक आहे असें म्हणून तो बाजूला सारणें सोपें आहे. "जाहिरातीचीं वाक्यें तीं! साबणाच्या वडीवर छापतात, तशीं सदऱ्यावर छापलीं. त्यांत वाद कसला घालावयाचा?" असें म्हणणारे वडीलधारे बहुतेक घरांत असतात. परंतु साबणाचें वाक्य कोणी बेंबीच्या देठापासून ओरडत नाहीं, आणि साबण विरघळला म्हणून कोणाच्या डोळ्यांस पाणी येत नाहीं. खेळाच्या संघाचें वाक्य ही निराळी वस्तु आहे. तें विकणारा एक असतो आणि ओरडणारे हजारों असतात. म्हणूनच त्याचा थोडा शांतपणें विचार करावा असें आम्हांस वाटतें.

आपल्या भाषेंत या वस्तूस घोषवाक्य असा शब्द आतां रूढ झाला आहे. त्याच्याच शेजारीं दुसरा एक जुना शब्द आहे, तो ब्रीद. या दोहोंत अंतर आहे. घोष हा करावयाचा असतो. ब्रीद हें बाळगावयाचें असतें. ज्यानें ब्रीद मिरवावें त्यानें तें राखावें, अशी आपल्याकडील रीत, आणि तें राखलें नाहीं तर "कोठें गेलें तुमचें ब्रीद?" असें विचारण्याचा अधिकार लहानांसही असतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, संघाचें वाक्य व्यापारी पेढींतून निघतें तेव्हां तो केवळ घोष असतो. परंतु लोकांनीं तें आपल्या तोंडीं घेतलें कीं त्याचें ब्रीद होतें. मग तें मालकासही बांधतें आणि प्रेक्षकांसही बांधतें.

या वादास नवी मुंबईसारखें योग्य ठिकाण दुसरें नाहीं. १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनींवर या नगराची आखणी झाली. जेथें आगरी व कोळी लोकांचीं भातशेतें आणि मिठागरें होतीं, तेथें आज गिरगांव-दादरच्या चाळींतून आलेलीं मराठी कुटुंबें राहतात; त्यांच्याच भिंतीला भिंत लावून केरळीय, तामिळ, पंजाबी, गुजराथी आणि बंगाली बिऱ्हाडें आहेत. २००८च्या मार्च महिन्यांत नेरूळ येथें डी. वाय. पाटील क्रीडांगण उघडलें, आणि त्याच वर्षीं १ जून रोजीं पहिल्या आयपीएल स्पर्धेचा अंतिम सामना तेथें झाला. पुढें २०१०चा अंतिम सामनाही तेथेंच झाला. त्यांत चेन्नईनें मुंबईस २२ धांवांनीं हरविलें. २०२२ सालीं करोनाच्या सांथीमुळें त्या स्पर्धेचे साखळी सामने मुंबई-पुण्याच्या चारच मैदानांवर खेळविले गेले, व त्यांपैकीं २० नेरूळच्या वाट्यास आले. त्या एका उन्हाळ्यांत दहाही संघ आपापले घोष घेऊन या मैदानावर येऊन गेले. कोणता घोष कोणाच्या तोंडीं बसतो आणि कोणता नुसता फलकावर राहतो, हें पाहण्याची अशी संधि दुसऱ्या कोणत्या गांवास क्वचितच मिळाली असेल.

मुंबईच्या क्रिकेटप्रेमास घोषवाक्याची गरज पूर्वीं नव्हती, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. १९०७ सालीं युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत हिंदु संघ आला, १९१२ सालीं मुसलमान संघ येऊन चौरंगी सामने सुरू झाले, आणि १९३७ सालीं 'इतर' या नांवाचा पांचवा संघ आल्यावर ते पंचरंगी झाले. त्या काळीं कोणत्या संघाच्या बाजूनें ओरडावयाचें हें मनुष्याच्या जन्मानेंच ठरत असे. १९४०च्या डिसेंबरांत महात्मा गांधींनीं धर्मवार संघांच्या या पद्धतीविषयीं आपली नापसंती स्पष्ट केली, आणि १९४६ सालीं ते सामने बंद झाले. ही गोष्ट इष्ट झाली याबद्दल आज दुमत नाहीं. मात्र तेव्हांपासून एक प्रश्न शिल्लक राहिला तो हा कीं, जातीच्या नांवानें ओरडावयाचें नाहीं, तर चाळीस हजार माणसांनीं एका सुरांत ओरडावें असें नांव तरी कोणतें? २००८ सालीं व्यापारानें त्यास उत्तर दिलें: गांवाचें नांव. त्या वर्षीं मुंबईच्या संघाचे हक्क रिलायन्स समूहानें ११ कोटि १९ लक्ष डॉलरांस घेतले. आठही संघांत ती सर्वांत मोठी किंमत होती. संघ विकत मिळाला, खेळाडूही लिलावांत मिळाले. परंतु गांवाची माया कोणत्याही लिलावांत मिळत नाहीं. ती आणण्याचें काम घोषवाक्याकडे सोंपविलें गेलें.

येथूनच पहिला वाद सुरू होतो, तो भाषेचा. कलकत्त्याच्या संघानें 'कोरबो, लोडबो, जीतबो' असा घोष घेतला. करूं, लढूं, जिंकूं, असा त्याचा अर्थ, आणि भाषा बंगाली. चेन्नईनें 'व्हिसल पोडू' म्हणजे 'शिट्टी घाल' असें तामिळांत सांगितलें. मुंबईच्या संघानें मात्र एके काळीं 'दुनिया हिला देंगे हम' असें हिंदींतून जाहीर केलें.

ज्यांच्या घरीं तीन पिढ्या एकत्र जेवतात त्यांस हा वाद कसा होतो तें सांगावयास नको. वाशीच्या किंवा नेरूळच्या एखाद्या घरांत आजोबा म्हणतात, "अरे, संघ मुंबईचा म्हणतोस ना? मग जग हलवायचें तें हिंदींतून कां रे?" नातू उत्तर देतो, "आजोबा, मैदानांत माझ्या एका बाजूला मल्याळी बसलेला असतो, दुसऱ्या बाजूला पंजाबी. हिंदी सगळ्यांना कळते." त्यावर काकू वाढतां वाढतां विचारतात, "आणि चेन्नईला काय सगळे तामिळच बसतात होय? त्यांनीं नाहीं बरें आपली भाषा सोडली!" नातू क्षणभर गप्प होतो; पण तेवढ्यांत धाकटी नात म्हणते, "काकू, शब्द मराठी असले म्हणून संघ आपला होतो का? आपल्या मुंबईचे किती जण त्यांत खेळतात तें आधीं बघा ना!"

या चौघांपैकीं कोणाचेंही म्हणणें टाकाऊ नाहीं. हिंदी घोष सर्वांस कळतो हें खरें. परंतु जो सर्वांस सारखाच कळतो तो कोणासही विशेष आपला वाटत नाहीं, हेंही तितकेंच खरें. उलट, शब्द मराठी असले म्हणजे काम झालें असेंही नाहीं. २०१४ व २०१५ सालीं मुंबईचा फुटबॉल संघ आपले घरचे सामने नेरूळलाच खेळत असे. त्या संघाचा घोष 'आमची सिटी' असा झाला. त्यांतील 'सिटी' हा शब्द इंग्रजी आहे म्हणून कांहीं मंडळी नाक मुरडतात. आमची शंका त्याच्या आधींच्या शब्दाविषयीं आहे. आपल्या मराठींत 'आमची' आणि 'आपली' असे दोन शब्द आहेत. 'आमची' म्हणतांना ऐकणारा बाहेर उभा राहतो. 'आपली' म्हणतांना तो आंत येतो. ज्या नगराची महानगरपालिका वेगळी, ज्याचें नांवही 'नवी' या विशेषणानें वेगळें केलेलें, त्या नगरांतील प्रेक्षकानें 'आमची' हा शब्द ऐकून आपण आंत आहों कीं बाहेर, असें स्वतःस विचारलें तर त्यांत नवल नाहीं. एका शब्दाचा हा फरक. परंतु पाहुण्यास पाट मांडणाऱ्या घरांतील माणसांस त्याचें मोल वेगळें सांगावयास नको.

भाषेचा हा वाद मिटविण्यास मोठा उपदेश लागत नाहीं, हें मुंबईच्याच दुसऱ्या एका घोषानें दाखवून दिलें. 'आला रे' हे दोन शब्द कोणत्याही पेढीनें रचलेले नाहींत. श्रावणांत दहीहंडीच्या दिवशीं गोविंदांचें पथक गल्लींत शिरलें कीं पोरेंसोरें जी आरोळी ठोकतात, तीच ही. मुंबईंत वाढलेला मनुष्य घरीं कोणतीही भाषा बोलो, त्यास ती ठाऊक असते. संघानें ती उचलली आणि प्रेक्षकांनीं विनातक्रार स्वीकारली, कारण ती त्यांचीच होती. पुढें २०२३ सालीं स्त्रियांच्या विमेन्स प्रीमियर लीग स्पर्धेस आरंभ झाला. पहिला सामना ४ मार्च रोजीं नेरूळलाच झाला. मुंबईच्या मुलींच्या संघासाठीं आरोळी ठरली 'आली रे'. फक्त शेवटचा स्वर बदलला. इंग्रजींत क्रियापदास लिंग नसल्यामुळें असा बदल तेथें साधला नसता. मराठींत तो एका वेलांटीनें साधला. त्या सायंकाळीं हरमनप्रीत कौरच्या संघानें २०७ धांवा केल्या, गुजराथचा डाव ६४ धांवांत आटोपला, आणि १४३ धांवांनीं विजय मिळाला. २६ मार्च रोजीं ब्रेबोर्न मैदानावर त्याच संघानें पहिला चषकही जिंकला.

आमच्या मतें या अवघ्या वादांत 'आली रे' हें सर्वांत उत्तम घोषवाक्य होय. त्यांत फुशारकी नाहीं. जग हलविण्याची भाषा नाहीं. एक वस्तुस्थिति सांगितली आहे, ती म्हणजे मुलगी मैदानावर आली. ज्या घरांत मुलीनें सायंकाळीं बॅट घेऊन बाहेर पडावें कीं नाहीं यावरून कधीं काळीं कुजबुज झाली असेल, त्या घरास या दोन शब्दांचा अर्थ समजावून द्यावा लागत नाहीं.

परंतु ज्या वाक्यानें खरा पेंच उत्पन्न केला तें निराळेंच आहे. मुंबईचा हाच संघ आपल्या चाहत्यांस आणि खेळाडूंस मिळून 'वन फॅमिली' म्हणजे 'एक कुटुंब' असें म्हणवितो. 'जिंकूं' म्हटलें आणि हरलों, तर तो खेळाचा भाग झाला. 'कुटुंब' म्हटलें कीं हार-जीत हा प्रश्नच राहत नाहीं. तेथें वागणुकीचा प्रश्न येतो. तो प्रसंग २०२३च्या अखेरीस आला. रोहित शर्मा २०१३ पासून संघाचा कप्तान होता. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० असे पांच चषक त्याच्या कारकीर्दींत आले. हार्दिक पंड्या याच संघांतून नांवारूपास आला, २०२२ सालीं गुजराथच्या संघाचा कप्तान होऊन गेला, पहिल्याच वर्षीं त्यानें तेथें चषक जिंकला, आणि २०२३च्या नोव्हेंबरांत परत मुंबईकडे आला. १५ डिसेंबर रोजीं जाहीर झालें कीं, यापुढें हार्दिक कप्तान. भविष्याची तयारी आधींपासून करणें हें आमच्या संघाचें तत्त्वच आहे, अशा आशयाचें कारण संघाच्या वतीनें देण्यांत आलें.

त्यानंतर जें झालें तें सर्वश्रुत आहे. संघाचेंच वाक्य संघाच्या तोंडावर फेंकण्यांत आलें. "हें का तुमचें एक कुटुंब?" असा प्रश्न जो तो विचारूं लागला. २०२४चा हंगाम सुरू झाल्यावर नव्या कप्तानाची अहमदाबादेस हुर्यो उडविली गेली. १ एप्रिल रोजीं वानखेडे मैदानावर, म्हणजे अगदीं घरच्या अंगणांत, नाणेफेकीच्या वेळीं ती इतकी झाली कीं समालोचक संजय मांजरेकर यांस प्रेक्षकांना 'नीट वागा' असें सांगावें लागलें. त्या वर्षीं मुंबईचा संघ १४ सामन्यांत ४ जिंकून अगदीं तळाशीं राहिला.

यांत चूक कोणाची, यावर घराघरांतून दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, ज्यानें घर वर आणलें त्यास असें बाजूला करतात काय? दुसरा म्हणे, कारभार कोणाच्या हातीं द्यावयाचा हा मालकाचा अधिकार. पैसा त्याचा, जोखीम त्याची. आम्हांस दोन्ही पक्ष अर्धेच बरोबर वाटतात. एकत्र कुटुंबांत कारभार हातांतून हातांत जातो, तो जावाच लागतो. सासूबाई एके दिवशीं किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून सुनेच्या हातीं देतात. थोरले काका वहीखातें पुतण्याच्या स्वाधीन करतात. त्यांत अपमान नाहीं. अपमान होतो तो देवघेव कशी झाली यांत. किल्ल्या काढून घेतल्या कीं दिल्या, घरच्यांस आधीं कळलें कीं शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर कळलें, यावर सारें अवलंबून असतें. ज्यास निव्वळ मालकीच्या अधिकारानें वागावयाचें आहे त्यानें तसें खुशाल वागावें. व्यापारांत त्यास दोष नाहीं. मात्र त्यानें दारावर 'एक कुटुंब' अशी पाटी लावूं नये. पाटी लावली कीं कुटुंबाचे कायदे लागू होतात, आणि ते करारपत्रांत लिहिलेले नसतात.

हीच गोष्ट प्रेक्षकांसही लागू आहे, हें सांगणारे फार थोडे निघाले. कुटुंब या शब्दाचा हक्क मागावयाचा, तर त्याचें ओझेंही उचललें पाहिजे. घरांतला एक मुलगा दुसऱ्या गांवीं जाऊन, तेथें नांव मिळवून परत आला, तर त्यास उंबऱ्यावरच हुर्यो करणारें घर कोणतें? निर्णय त्याचा एकट्याचा नव्हता. राग मात्र त्याच्या एकट्यावर निघाला. ज्या मंडळींनीं संघास ब्रीदाची आठवण करून दिली, त्यांनीं स्वतः तेंच ब्रीद मोडलें. पुढें २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोस येथें भारतानें विश्वचषक जिंकला. रोहित कप्तान होता आणि शेवटचें षटक हार्दिकनें टाकलें. ४ जुलै रोजीं विजयी वीरांची मिरवणूक वानखेडेवर आली, तेव्हां त्याच प्रेक्षागारांतून हार्दिकच्याच नांवाचा गजर झाला. लोक क्षमाशील आहेत असें कोणी म्हणतील. लोक यशापुढें नमतात असें कोणी म्हणतील. कुटुंबांतलें माणूस अपयशांतही आपलेंच असतें, एवढें मात्र त्या तीन महिन्यांत कोणाच्या आचरणांत दिसलें नाहीं.

न्यायासाठीं दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. हाच संघ २०१० पासून एक घरचा सामना निरनिराळ्या सेवाभावी संस्थांच्या मुलांसाठीं राखून ठेवीत आला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजीं अशा सामन्यास सुमारें १९,००० मुली वानखेडेवर आल्या होत्या, आणि त्या दिवशीं पुरुषांचा संघ मुलींच्या संघाचा वेष घालून खेळला. थोरल्या भावांनीं धाकट्या बहिणींचे रंग अंगावर घ्यावे, ही कृति शंभर फलकांहून अधिक बोलकी होती. 'एक कुटुंब' या शब्दांस त्या दिवशीं कोणी हंसलें नाहीं.

घोषाचें ब्रीद कसें होतें याचें परदेशांतील एक उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे. स्पेनमधील बार्सिलोनाच्या फुटबॉल संघाचें वाक्य 'केवळ संघ नव्हे, त्याहून अधिक कांहीं' अशा अर्थाचें आहे. तें जाहिरातदारानें लिहिलेलें नाहीं. १९६८ सालीं नार्सीस दे कार्रेरास यांनीं अध्यक्षपद स्वीकारतांना केलेल्या भाषणांतून तें निघालें. त्या काळीं फ्रँकोच्या राजवटींत कातालान भाषेवर सार्वजनिक व्यवहारांत निर्बंध होते, आणि त्या संघाचें मैदान हेंच ती भाषा मोकळेपणीं बोलण्याचें ठिकाण बनलें होतें. वाक्य नंतर आलें; त्यामागचें जिणें आधींचें होतें. म्हणून तें टिकलें.

उलट बाजूचें उदाहरण आपल्याच हॉकीचें आहे. २००५ सालीं प्रीमियर हॉकी लीग निघाली, तींत महाराष्ट्राच्या वाट्यास 'मराठा वॉरियर्स' आले. २००८ सालीं ती बंद पडली. २०१३ सालीं हॉकी इंडिया लीग निघाली, तींत 'मुंबई मॅजिशियन्स' आले. दोन वर्षांनीं ते जाऊन 'दबंग मुंबई' आले. २०१७ सालीं हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि कलिंगकडून हरला. त्यानंतर ती लीगही थांबली. २०२४च्या डिसेंबरांत ती पुन्हा सुरू झाली तेव्हां तींत मुंबईचा संघच नव्हता. वाक्य तोंडीं बसण्यास जो काळ लागतो तोच मिळाला नाहीं. मराठा, जादूगार, दबंग अशीं जोरकस नांवें एकामागून एक येऊन गेलीं. आज तीं घरांतल्या मुलांस विचारलीं तर क्वचितच कोणास आठवतील. हॉकीसारख्या जुन्या, वैभवशाली खेळाची ही गत पाहिली म्हणजे शब्दांची निवड ही दुय्यम गोष्ट आहे, सातत्य ही पहिली, हें पटतें.

घोषाचें बळ किती असतें आणि त्याची जबाबदारी किती असते, हें अखेरीस बंगळुरूनें दाखविलें. 'ई साला कप नमदे', म्हणजे 'या वर्षीं चषक आपलाच', ही कानडी ओळ तेथील प्रेक्षकांच्या तोंडीं इतकी बसली कीं, दरवर्षींच्या पराभवानंतर इतर गांवचे लोक तिची टिंगल करीत. तरीही ती सुटली नाहीं. १७ मार्च २०२४ रोजीं तेथील मुलींच्या संघानें चषक जिंकला, तेव्हां सांगलींत वाढलेल्या स्मृति मानधना हिनें कानडी आपली भाषा नसतांही, प्रेक्षकांच्या त्या ओळींतील शेवटचा शब्द बदलून, चषक आतां खरोखर आपला झाला असें कानडींतच सांगितलें. दुसऱ्याच्या भाषेचा मान कसा राखावा याचा तो उत्तम पाठ होता. ३ जून २०२५ रोजीं पुरुषांचा संघही प्रथमच जिंकला. अठरा हंगामांची हांक फळास आली. आणि दुसऱ्याच दिवशीं, ४ जून रोजीं, विजयोत्सवासाठीं लोटलेल्या गर्दींत चिन्नस्वामी मैदानाच्या दारांशीं चेंगराचेंगरी होऊन ११ माणसें मरण पावलीं; त्यांत बहुतेक तरुण होते.

या प्रसंगापुढें भाषेचा आणि कप्तानाचा वाद फिका पडतो. वर्षानुवर्षें "चषक आपलाच" असें म्हणत आलेलीं माणसें तो आल्यावर पाहावयास येणारच. घोषवाक्य हें आमंत्रण असतें. आपल्या घरीं मुंजीचें किंवा लग्नाचें आमंत्रण करतांना पानें किती मांडावयाचीं, मंडळी कोठून आंत येतील, म्हाताऱ्याकोताऱ्यांस कोठें बसवावयाचें, याचा विचार घरची कर्ती माणसें महिनाभर आधीं करतात. ज्यास चार-पांचशें माणसांची काळजी वाहण्याची संवय आहे, त्यास लाखों लोकांस 'आपले' म्हणून हांक मारणाऱ्याकडून काय अपेक्षावें हें नीट कळतें. 'आपला' म्हटलें कीं दार उघडें ठेवावें लागतें, आणि दार उघडतांना कोणी चिरडणार नाहीं हेंही पाहावें लागतें.

आतां शेवटची गोष्ट, तीही नेरूळचीच. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तेथें झाला. पावसामुळें खेळ दोन तास उशिरां, पांच वाजतां सुरू झाला. मैदान भरलेलेंच राहिलें. भारतानें ७ गड्यांच्या मोबदल्यांत २९८ धांवा केल्या, त्यांत शेफाली वर्माच्या ८७ होत्या. दीप्ति शर्मानें ५ बळी घेतले, दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ धांवांवर संपला, आणि ५२ धांवांनीं भारताच्या मुलींनीं तो चषक प्रथमच जिंकला. त्या रात्रीं कोणत्याही मालकाचें वाक्य प्रेक्षकांच्या तोंडीं नव्हतें; देशाचें नांव पुरेसें होतें. विजयानंतर हरमनप्रीत आपल्या शिक्षकांच्या, अमोल मुझुमदार यांच्या, पायां पडली. मग या मुलींनीं मिताली राज आणि झूलन गोस्वामी या निवृत्त झालेल्या थोरल्या खेळाडूंस मैदानावर बोलाविलें आणि चषक त्यांच्या हातीं दिला. ज्यांस तो उभ्या आयुष्यांत मिळाला नव्हता त्यांच्या हातीं तो गेला. कुटुंब हा शब्द कोणीं उच्चारला नाहीं, पण त्याचा अर्थ त्या रात्रीं सर्वांनीं पाहिला.

आमच्या वाचकांच्या घरांतून हे वाद पुढेंही होतील, आणि ते व्हावेत. मुलांनीं सदऱ्यावरचीं वाक्यें वाचावीं, त्यांवर भांडावें. त्यांस "काय हा पोरकटपणा" म्हणून गप्प बसवूं नये. मात्र वडिलांनीं त्यांस तीन प्रश्न विचारण्याची संवय लावावी. हे शब्द कोणाच्या भाषेंतले? यांत वचन काय दिलें आहे? आणि तें राखणें कोणाकोणाचें काम? यांपैकीं तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतांना मुलानें मालकाच्या बरोबरीनें स्वतःचेंही नांव घेतलें, तर त्यानें खेळांतून कांहीं शिकलें असें खुशाल समजावें. पुढच्या हंगामांत कोणी नवा घोष घेऊन नेरूळला येईलच; तो चांगला कीं वाईट हें फलकावरून ठरणार नाहीं, त्या संघाचा एखादा वाईट दिवस आल्यावर मैदानांत आणि मैदानाबाहेर कोण कसें वागतें यावरून ठरेल.